सदर व्यक्ती, याकूब मजगावकर

आधी तारखा.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, सकाळ. शारजातील अल नहदा भागात, आपल्या राहत्या घरी भास्कर ठवरे चहा गाळताना कोसळला. याला कोणीही जबाबदार नाही.

डिसेंबरचा पहिला सोमवार. भास्करचे काम संपुष्टात आल्याचे त्याच्या कंपनीने रुग्णालयाला कळवले. कंपनीने कायद्याबाहेर काही केले नाही. तिच्या बाजूने एवढेच म्हणता येईल.

जानेवारीचा तिसरा गुरुवार, दुपार. आमच्या मराठी मंडळाच्या साहाय्य समितीच्या निमंत्रक सौ. केतकी दामले यांनी रुग्णालयात भास्करला एक प्रश्न विचारला आणि त्याच्या तोंडून निघालेले वाक्य उत्तर म्हणून नोंदवले. जबाबदार: सौ. दामले, त्या नोंदीवर सही करणारे मंडळाचे अध्यक्ष श्री. प्रभुणे, आणि फोनच्या पडद्यावरून मान डोलावणारा भास्करचा नागपूरचा चुलतपुतण्या निखिल.

फेब्रुवारीचा पहिला रविवार. भास्करला स्ट्रेचरवरून विमानात चढवण्यात आले. जबाबदार: वरीलप्रमाणे.

समितीच्या टिपणात याकूब मजगावकर हे नाव कोठेही नाही. तेथे ‘सदर व्यक्ती’ असे शब्द आहेत. सदर व्यक्तीचा रुग्णाशी कोणताही नातेसंबंध नाही. सदर व्यक्तीच्या उपस्थितीत रुग्ण अस्वस्थ होतो. मी आयुष्यभर दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका गोदाम कंपनीत करारनामे तपासले. अशी भाषा मीही लिहिली आहे, आणि ती कशासाठी वापरतात हे मला ठाऊक आहे. तेव्हा सदर व्यक्ती कोण, हे कोणीतरी पूर्ण वाक्यांत लिहून ठेवले पाहिजे.

याकूब बुटका आणि रुंद. दाढी पांढरी, पण टोकाला मेंदीचा लाल रंग, कारण मेंदी तो वर्षातून एकदा, ईदेला लावी आणि मग विसरून जाई. गाव दापोलीकडचे, खाडीच्या तोंडावरचे. तो उभ्याने जेवत असे. खुर्ची पुढे केली की म्हणे, “बसलो की खलास, साहेब. बसलेल्या माणसाला लोक कामाला लावतात.” त्याची बॅग पलंगाखाली कायम भरलेली असे. कोठेही काम लागले की त्याचे पहिले वाक्य ठरलेले: “इथं काय, दोन महिने.” आखातात त्याने तीस-एक वर्षे अशा दोन-दोन महिन्यांनी काढली. मस्कतला मासेमारीच्या बोटीवर, बहरीनला एका कॅन्टीनमध्ये, शारजाच्या खाडीत लाकडी गलबतांवर, आणि मध्ये मध्ये, कोठेच काही नसले की, जबल अलीत. चांगले काम त्याने दोनदा लाथाडले. एकदा मुकादमाने त्याच्या बोटीला नावे ठेवली म्हणून, आणि एकदा भास्कर ठवरेला त्याच्याआधी बढती मिळाली म्हणून.

भास्कर वर्धा जिल्ह्यातला. उंच, वाळलेला, टोपी डोळ्यांवर ओढून चालणारा. वेल्डिंगचे काम उत्तम, पण एका जागी टिकणे त्यालाही कधी जमले नाही. लग्न केले नाही. या दोघांची गाठ जबल अलीच्या बंदरात एका क्रेनपाशी पडली. क्रेन चालवण्याच्या एकाच जागेसाठी दोघे आले होते. जागा याकूबला मिळाली आणि खाली उभे राहून हाताने इशारे देण्याचे काम भास्करला. मी ही हकिकत दोघांकडूनही ऐकली आहे आणि दोन्ही साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. याकूबचे म्हणणे असे, की भास्कर मुद्दाम उशिरा इशारा करी. भास्करचे म्हणणे असे, की हा वरून त्याच्याकडे बघतच नसे. महिना संपायच्या आत साहेबाने दोघांनाही काढले. दोघे आपापल्या बॅगा घेऊन एकाच बसथांब्यावर, एकाच बाकाच्या दोन टोकांना उभे राहिले आणि एकाच बसमध्ये चढले.

त्यानंतर ते एकमेकांच्या मागावरच होते, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. याकूब मस्कतला गेला की चार-सहा महिन्यांत भास्कर तिथे हजर होई आणि सांगे, “ह्यो इथं हाय हे मले मालूमच नव्हतं.” भास्करला वाळवंटात पाइपलाइनवर काम लागले की त्याच छावणीच्या भटारखान्यात काही दिवसांनी याकूब कांदा चिरताना दिसे. दोघेही योगायोग म्हणत. मी योगायोग मानत नाही, पण उलटतपासणी घेण्याचे धाडस मला झाले नाही.

शेवटची काही वर्षे ते अल नहदाच्या त्या इमारतीत, एका फ्लॅटमधल्या एकाच खोलीत राहत. पण तुम्ही याकूबला विचारा. “मी एकटाच राहतो. तो वऱ्हाड्या येऊन-जाऊन असतो.” भास्करला विचारा. “खोली माही हाय. याकूबले जागा नाही म्हनून पडला राहतो बिचारा.” मी एकदा भाडेकरार पाहायला मागितला. करार एका तिसऱ्याच मल्याळी गृहस्थाच्या नावे होता आणि त्याला देश सोडून बराच काळ लोटला होता. मी म्हणालो, “याकूबभाई, उद्या काही झालं तर तुम्ही दोघं इथं राहत होतात याचा कागदोपत्री पुरावा काय?” याकूब हसला. “पुरावा? खालच्या वाण्याला विचारा ना साहेब, दोन पलंगांवरून रोज कोणाची भांडणं होतात म्हणून.”

वाण्याची साक्ष समितीने काढली नाही. मी मागणी केली होती.

आता चित्रपटाकडे येतो, कारण सगळा खटला त्यावर उभा आहे. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी आमच्यापाशी कधीच नव्हती आणि मला नवे आरोपी तयार करायचे नाहीत. जुना अमेरिकन चित्रपट, घोडे, धूळ, लाकडी गावे. त्यात दोन भटके आहेत, एक बुटका दाढीवाला आणि एक उंच, टोपी डोळ्यांवर ओढलेला. घर दोघांनाही नाही. एकाच मालकाकडे गुरे हाकायला राहतात, एकदमच हाकलले जातात, एकमेकांचा घोडा पळवतात, शपथा घेऊन वेगळे होतात आणि पुढच्या गावात पुन्हा एकाच दारूच्या गुत्त्यात समोरासमोर येतात. जबल अलीच्या छावणीत कोणीतरी या चित्रपटाची तबकडी आणली, तिच्यात चित्र होते आणि आवाज नव्हता. खोलीभर माणसे मुकाट्याने ओठ हलताना पाहत बसली. मग दाढीवाला पडद्यावर आला तसा मागून याकूब त्याच्या वतीने बोलू लागला, आपल्या खाडीकाठच्या बोलीत. सगळे हसले. पुढच्या प्रसंगात उंच भटक्याने तोंड उघडताच दाराजवळून वऱ्हाडीत उत्तर आले.

तेव्हापासून हा प्रकार सुरू झाला तो वर्षानुवर्षे चालला. छावणीतून तो आमच्या मंडळाच्या हिवाळी मेळाव्यात आला. आधी शुक्रवारी, सुट्टीचे वार बदलल्यावर शनिवारी, बागेत चादर बांधून संध्याकाळी चित्रपट लागे आणि दोघे पडद्याच्या दोन बाजूंना माइक घेऊन उभे राहत. रत्नागिरी-रायगडची मंडळी याकूबच्या बाजूला सतरंज्या टाकत, नागपूर-अमरावतीची भास्करच्या. आम्ही मुंबई-पुण्याचे मध्ये.

लिहिलेले काही नव्हते, पण काही वाक्ये घासून घासून पक्की झाली होती आणि लोक त्यांची वाट पाहत. शेकोटीचा प्रसंग घ्या. दाढीवाला ताटली पुढे करतो.

“घे. मना पुरून उरलाय.”

“तुह्या हातचं? उपाशी मरन, पन तुह्या हातचं खानार नाही बे!”

आणि पडद्यावर उंच भटका ताटली ओढून बकाबका खाऊ लागतो. किंवा नदी ओलांडण्याचा प्रसंग. “दोर धर, वऱ्हाड्या.” “बुडन, पन तुहा दोर नाही धरत!” आणि तो दोर धरतो. भास्करची करामत हीच होती. त्याचा भटका तोंडाने प्रत्येक गोष्ट नाकारी आणि पुढच्या क्षणी तीच करी. शेवटाजवळ एक प्रसंग होता. गावाने दोघांनाही हुसकले आहे, पहाट झाली आहे, दाढीवाला दोन घोडे घेऊन येतो.

“चल. निघायचं ना?”

“तुह्यासंग? तुह्यासंग मी नरकातबी येनार नाही!”

आणि तो रिकिबीत पाय घालतो. या वाक्याला सगळी बाग ओरडे. इथेच मोठी झालेली, मराठी न बोलणारी मुलेसुद्धा ते वाक्य म्हणत. माझ्या नातीने एकदा विचारले, “आजोबा, आर दे फ्रेंड्स ऑर एनिमीज?” याकूबने ते ऐकले. “त्याला विचार, बाय.” भास्कर वायर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, “मी तं ओळखतबी नाही ह्याले.”

स्पर्धा खरी होती, हे नोंदवणे अवश्य आहे. याकूब आपली वाक्ये इतकी लांबवी, की भास्करला शिरायला फट राहत नसे. एका वर्षी भास्करने सूड घेतला. दाढीवाला एकटाच घोड्यावरून चालला होता आणि संवाद नव्हता, तेव्हा भास्कर घोड्याच्या वतीने बोलू लागला. “मायबाप हो, ह्याले कोनी उतरवा. कंबर मोडली माही.” लोक लोटपोट झाले. याकूबचे पुढचे वाक्य चुकले. परतताना मी त्यांच्या जुन्या गाडीत मागे बसलो होतो. त्यांच्यात नियम होता, की जो गाडी चालवील त्याने बोलायचे नाही, कारण बोलताना दोघांचेही हात सुटत. त्या दिवशी भास्कर चालवत होता. जबल अलीपासून अल नहदापर्यंत याकूब एकटाच बोलत होता आणि भास्कर गालातल्या गालात हसत रस्ता पाहत होता. “घोडा बोलतो? घोडा? आता बोल ना! बोल! नाय बोलणार. खोटारडा.”

याकूबविषयी मला सर्वांत जास्त सांगणारी गोष्ट मात्र त्याने स्वतः कधी सांगितली नाही. भास्करची आई वारली तेव्हा भास्कर एका बेटावरच्या कामावर अडकला होता. मालकाने रजा दिली नाही. याकूब तेव्हा सुट्टीवर दापोलीला गेला होता. तेथून बोटीने, बसने, रेल्वेने तो वर्ध्याच्या त्या गावी गेला. तेथे कोणीही त्याला ओळखत नव्हते. तेराव्याच्या पंगतीत वाढायला उभा राहिला आणि पंगत उठल्यावर पत्रावळी उचलू लागला. गावच्या शेजाऱ्याने भास्करला फोनवर विचारले, “तो लाल दाढीवाला कोन होता बे?” याकूब परत आल्यावर भास्करसमोर उभा राहून म्हणाला, “तुझ्या गावचा चहा एकदम भिकार. आणि पाणी खारं. आमच्या समुद्राला नावं ठेवतोस होय?” भास्करने यावर काय म्हटले ते मला ठाऊक नाही. त्या वर्षीच्या मेळाव्यात घोडा बोलला नाही, एवढे आठवते.

नोव्हेंबरच्या त्या शनिवारी भास्करची उजवी बाजू गेली आणि वाचाही. नजर ओळखीची होती, माणूस आत होता, पण बाहेर यायला त्याला दार नव्हते. याकूब रोज जाई. बोटांना तेल लावी, दाढी करी, आणि उभ्यानेच बोलत राही. भास्कर ऐके की नाही कोण जाणे. डॉक्टरांनी सांगितले होते, की हो-नाहीचाही भरवसा धरू नका. तो ‘हो’साठी मान हलवायला जातो आणि ‘नाही’ हलते.

मग एका शनिवारी याकूबने फोनवर तो चित्रपट लावला आणि भास्करच्या छातीवर धरला. वॉर्डात आवाज नको म्हणून हळू बोलत होता. शेकोटी आली. “घे. मना पुरून उरलाय,” असे म्हणून तो सवयीने थांबला. आणि खाटेवरून, खरखरीत पण सलग, उत्तर आले. उपाशी मरन, पन तुह्या हातचं खानार नाही बे. मल्याळी परिचारिका धावत आली. याकूबने मला तेथूनच फोन केला. “बोलला, वकीलसाहेब! शिव्या देतोय मना. सगळ्या शिव्या शाबूत हायत!”

मी वकील नाही, कायद्याची पदवी तेवढी आहे. पण याकूबच्या लेखी कायदा वाचलेला प्रत्येक माणूस वकील होता. डॉक्टरांनी समजावले, की असे होते. स्वतःची नवी वाक्ये जुळवता येत नाहीत, पण घासलेली वाक्ये कधी कधी जशीच्या तशी बाहेर पडतात. त्यांचा अर्थ लावू नका. याकूबने अर्थ लावला, पण वाक्यांचा नव्हे. तो ‘घे’ म्हणून चमचा पुढे करी, भास्कर उपाशी मरण्याची घोषणा करी आणि मग तोंड उघडी. तोंड उघडले म्हणजे भूक आहे. न उघडले म्हणजे नाही. “दोर धर” म्हटले की बुडण्याची प्रतिज्ञा होई आणि डावा हात याकूबच्या मनगटावर येई, मग त्याला कुशीवर वळवायचे. दोघांनी मिळून एक भाषा तयार केली होती, जिच्यात तोंडचे वाक्य सोडून द्यायचे आणि पुढची हालचाल वाचायची. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि तसे शपथेवर सांगायला तयार आहे.

याकूबने ठरवले, की भास्करला दापोलीला न्यायचे. बहीण जुबेदा घरी होती. तिला फोन गेले, सुताराला फोन गेले. पडवीच्या दाराची चौकट काढून दार रुंद करून घेतले, चाकाची खुर्ची आत जावी म्हणून. “समुद्र दाखवतो त्याला रोज,” तो म्हणाला, “बसू दे नावं ठेवत.” रुग्णालयाची अट एवढीच होती, की रुग्णाला भारतात कोणीतरी रीतसर ताब्यात घ्यावे. समितीने वेगाने काम केले, हे मी नाकारत नाही. तिने निखिलला शोधून काढले. भास्करला तो लहानपणी एकदा भेटला होता म्हणे. नागपूरबाहेरच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवायला तो तयार झाला.

याकूब माझ्या घरी, डिस्कव्हरी गार्डन्सला आला. चहा उभ्यानेच प्यायला. विचारू लागला, “वकीलसाहेब, नातं लावायला कायद्यात काय लागतं?”

“म्हणजे?”

“म्हणजे बायको करायला निकाह लागतो. पोर घ्यायला कागद लागतो. भाऊ करायला काय लागतं?”

मी जन्मभर कायदा वाचला. मी त्याला सांगितले, की तशी काही तरतूद नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी काहीतरी लपवतो आहे अशी ती नजर होती. मग म्हणाला, “एवढी पुस्तकं लिवली त्यांनी. एक पान नाय?”

रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्याने एक वाट दाखवली. रुग्णाने स्वतः इच्छा व्यक्त केली, तर ती विचारात घेता येईल. त्यासाठी जानेवारीचा तो गुरुवार ठरला. सौ. दामले आल्या, अधिकारी आले, फोनच्या पडद्यावर निखिल आला. मी दारापाशी उभा होतो. सौ. दामले खाटेवर वाकल्या. आवाज प्रेमळ होता, हेही मी नोंदवतो.

“ठवरेकाका, तुम्हाला याकूबभाईंबरोबर त्यांच्या गावी जायचंय का? नुसतं हो किंवा नाही म्हणा.”

भास्करचे ओठ हलले. मान एकदा इकडे, एकदा तिकडे झाली. सौ. दामलेंनी पुन्हा विचारले. भास्करच्या कपाळावर घाम आला. त्याने याकूबकडे पाहिले, आणि त्या नजरेत विनवणी होती. तेव्हा याकूबने ते केले, जे याकूबशिवाय कोणीही केले नसते. भास्करला स्वतःचे वाक्य सापडत नाही, हे त्याला दिसत होते. सापडेल असे एकच वाक्य कोणते, हे त्याला माहीत होते. आणि त्या वाक्यानंतर काय होते, हे तर सगळ्या बागेला माहीत होते. तो खाटेजवळ गेला आणि म्हणाला, “चल. निघायचं ना?”

भास्करचा चेहरा उजळला. दोन महिन्यांत निघाला नव्हता एवढा मोठा आवाज त्याने काढला. “तुह्यासंग? तुह्यासंग मी नरकातबी येनार नाही!”

आणि लगेच पांघरुणाखाली त्याचा डावा पाय हलू लागला. पांघरूण सरकले. पाय खाटेच्या कडेला आला, कडेवरून खाली लोंबकळला आणि हवेत टेकायला जागा शोधू लागला. तो उठत होता. जाण्यासाठी उठत होता. मी ओरडलो, “पाय बघा! त्यांचा पाय बघा!” अधिकाऱ्याने पाय पाहिला आणि परिचारिकेला बोलावले, कारण रुग्ण क्षुब्ध होऊन खाटेवरून पडेल असे त्याला वाटले. त्या दोघांनी पाय उचलून वर ठेवला. तो पुन्हा खाली आला. निखिल पडद्यावरून म्हणाला, “क्लिअर आहे ना, मॅडम. काकांना नको आहेत ते.” सौ. दामलेंच्या डोळ्यांत पाणी होते. “याकूबभाई, प्लीज, तुम्ही बाहेर जा. त्यांना त्रास होतोय.”

याकूब हसत होता. त्याला वाटत होते, की काम झाले. आपल्याला बाहेर का ढकलत आहेत हे त्याला दारापर्यंत उमगले नाही. “अहो, हो म्हणाला तो! हो म्हणाला ना!” तो अधिकाऱ्याला हिंदीत, मला मराठीत, परिचारिकेला मोडक्या मल्याळीत सांगत राहिला. आतून भास्कर तेच वाक्य पुन्हा पुन्हा, अधिकाधिक मोठ्याने म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी याकूबविरुद्धचा पुरावा वाढत होता.

सौ. दामले मेळाव्याला येत नसत असे नाही. पण त्या नेहमी जेवणाच्या व्यवस्थेत असत आणि चित्रपट त्यांनी कधी शेवटपर्यंत पाहिला नव्हता. हा गुन्हा नाही. गुन्हा त्यानंतरचा आहे. मी लेखी कळवले, की डॉक्टरांना विचारा. विचारले नाही. माझ्या सुनेने चित्रपटाची आवाजासह मूळ प्रत शोधली. त्या पहाटेच्या प्रसंगात उंच भटका इंग्रजीत एवढेच म्हणतो, की ‘बरं’, आणि घोड्यावर चढतो. भास्करच्या वाक्याचा मूळ अर्थ ‘बरं’ असा आहे. मी ती प्रत पत्रासोबत जोडली. अध्यक्ष श्री. प्रभुणे यांचे एका ओळीचे उत्तर आले, की चित्रपट हा पुरावा होऊ शकत नाही, विषय समितीच्या दृष्टीने संपला आहे. याकूबला वॉर्डात जाण्यास मनाई झाली. भास्कर निघेपर्यंत तो रोज रुग्णालयाच्या गाडीतळावर येई आणि गाडीला टेकून कोणत्या खिडकीमागे तो असेल याचा अंदाज बांधत राही.

त्याच विमानाचे तिकीट याकूबने काढले. शारजाच्या विमानतळावर स्ट्रेचर दुसऱ्या दाराने गेले आणि हा प्रवाशांच्या रांगेत, दूरचित्रवाणीचे खोके घेतलेल्या एका कुटुंबामागे उभा राहिला. विमानात स्ट्रेचरभोवती पडदा होता. हा उठून गेला, तर नातेवाइकांखेरीज कोणी नको म्हणून परत बसवला.

दापोलीच्या घराचे दार रुंद होऊन पडले आहे. याकूब तेथे गेलेला नाही. शुश्रूषा केंद्राच्या समोर, महामार्गापलीकडे एक खानावळ आहे. तेथे तो ट्रकवाल्यांसाठी पोळ्या लाटतो, ज्या त्याला नीट येत नाहीत. केंद्रात भेटायला नातेवाइकाची संमती लागते. निखिलला मी दोनदा लिहिले. त्याने समितीच्या टिपणाचे छायाचित्र पाठवले आणि विचारले, की काकांनी स्वतः नको म्हटले असताना मी कसा होकार देऊ? त्याच्या बाजूने पाहता हा युक्तिवाद बिनतोड आहे.

गेल्या आठवड्यात याकूबने मला व्हिडिओ कॉल केला. दुपार उतरली होती. दाढीचा लाल रंग पूर्ण गेला आहे. तो केंद्राच्या कुंपणाशी, शीतपेयाच्या पालथ्या क्रेटवर चढून उभा होता आणि फोन भिंतीवर धरून मला आतला ओटा दाखवत होता. चाकाच्या खुर्च्या ओळीने उन्हात लावल्या होत्या, पाठी आमच्याकडे करून. सगळ्यांचे केस सारखेच बारीक कापलेले.

“डावीकडून तिसरा असेल काय हो, साहेब?” त्याने कुजबुजत विचारले. “की कडेचा?”

मला सांगता येईना.

“हाक मारून बघा,” मी म्हणालो.

त्याने हाक मारली नाही. हाक मारली तर भास्कर काय उत्तर देईल, हे त्याला ठाऊक होते. ते ऐकून आतली माणसे पुन्हा काय लिहून ठेवतील, हेही आता ठाऊक होते. फोन हलला. पडद्यावर थोडा वेळ भिंतीचा चुना दिसत राहिला.

म्हणून मी, मंडळाचा आजीव सभासद, या मजकुराद्वारे मागणी करतो. श्री. प्रभुणे आणि सौ. दामले यांनी येत्या वार्षिक सभेत, सर्व सभासदांसमोर उभे राहून उत्तर द्यावे: रुग्णाच्या वाक्याची नोंद केलीत, मग त्याच्या पायाची नोंद का केली नाही? कोणत्या अधिकाराने? खाजगी खुलासा, चहापानाचे निमंत्रण, एका ओळीचे पत्र, यांपैकी काहीही मी स्वीकारणार नाही. ते टिपण दुरुस्त होईपर्यंत एक माणूस महामार्गाच्या कडेला उभा आहे. उत्तर द्या.